नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे आणि तुमची गाडी : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करतो, त्यामुळे रोज सकाळी मोबाइल उघडला की फोटो आलेले असतात. कुणाच्या चलानाचा, कुणाच्या पाटीचा, कुणाच्या आरसी बुकाचा. खाली एकच वाक्य : ‘हे काय आलंय बघा जरा.’ साताऱ्याच्या एमएच ११, कराडच्या एमएच ५० आणि सांगलीच्या एमएच १० वाल्यांनी पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा पाटी वाचणारा कॅमेरा म्हणजे काय? चौकातल्या साध्या सीसीटीव्हीपेक्षा वेगळा कसा?

साधा सीसीटीव्ही नुसतं चित्रीकरण करून ठेवतो. काही घडलं तर नंतर कुणीतरी बसून ते बघायचं. पाटी वाचणारा कॅमेरा चित्रातली नंबर प्लेट शोधतो, तिच्यावरची अक्षरं ओळखतो आणि नंबर, वेळ, ठिकाण अशी नोंद त्याच क्षणी तयार करतो. याला एएनपीआर (ऑटोमॅटिक नंबर प्लेट रेकग्निशन) म्हणतात. १९७६ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन विभागात हे तंत्र तयार झालं.

तयार झालेली नोंद ‘वाहन’ या केंद्रीय माहितीसाठ्याशी जुळवता येते. मालक कोण, विमा कधी संपला, पीयूसी आहे का, गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का, हे सगळं नंबरावरून निघतं. कॅमेऱ्याला तुमचं नाव-गाव ठाऊक नसतं. तो फक्त पाटी वाचतो आणि बाकीचं सगळं आरटीओत तुम्ही जे लिहून दिलंय त्यावरून ठरतं. म्हणून आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर जुना असेल तर आजच बदलून घ्या. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच उभे राहतात.

२. रात्री, पावसात, भरधाव जाणाऱ्या गाडीची पाटी कशी काय वाचता येते?

पाटीवरचा थर परावर्तक असतो. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेला तो परत फेकतो. कॅमेऱ्याजवळ अवरक्त दिवा असतो, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही. त्या उजेडात पाटी लख्ख पांढरी आणि अक्षरं काळी कुळकुळीत दिसतात, बाकी गाडी अंधारात राहते. फोटो इतक्या कमी वेळात टिपला जातो की धावती पाटीसुद्धा हलल्यासारखी दिसत नाही. साध्या पावसाने फारसं बिघडत नाही. चिखल, वाकलेला पत्रा, उडालेला रंग आणि दाट धुकं मात्र नडतं.

अक्षरं ओळखताना नंबराची ठरलेली रचना उपयोगी पडते. आधी राज्याची दोन अक्षरं, मग जिल्ह्याचे दोन आकडे, मग मालिकेची अक्षरं, शेवटी चार आकडे. आकड्याच्या जागी इंग्रजी ‘बी’ दिसला तर तो आठच असणार, हे प्रणालीला कळतं. पण आकड्याचाच दुसरा आकडा झाला, तिनाचा आठ किंवा सहाचा आठ, तर ही रचना काही मदत करत नाही. त्यातून काय घडतं ते प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे.

३. हाच कॅमेरा वेगही मोजतो का?

एकट्याने नाही. जागच्या जागी वेग मोजायला रडार किंवा लेसर लागतो. पाटी वाचणारा कॅमेरा त्याच्या जोडीला असतो आणि ‘इतक्या वेगाची ही गाडी कुणाची’ एवढंच सांगतो.

दुसरी पद्धत सरासरी वेगाची. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे, आणि दोन्हीकडच्या वेळेतला फरक. समजा दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर २० किलोमीटर आहे आणि तुम्ही ते १० मिनिटांत कापलं. म्हणजे सरासरी १२० झाली. मध्ये कुठे रडार नसलं तरी वेग सिद्ध होतो. कॅमेऱ्याचा खांब दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे गेल्यावर पुन्हा पळवायची, ही सवय इथे कामाला येत नाही. खंबाटकीचा बोगदा उतरून आल्यावर एस वळणावर ज्यांनी अपघात पाहिलेत, त्यांना वेगाची मर्यादा कुणासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

४. नुसत्या कॅमेऱ्यावरून दंड करायला कायद्याचा आधार आहे का?

आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. त्यातल्या रस्त्यावर देखरेख करणाऱ्या उपकरणांच्या यादीत पाटी वाचणारा कॅमेरा नावानिशी आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरचे धोक्याचे पट्टे आणि देशातली १३२ शहरं यांसाठी हा नियम काढला. त्या १३२ शहरांत सांगली आहे.

त्याच नियमाने तुम्हालाही काही हक्क दिले आहेत, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतात. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर हवा. नोटिशीत गुन्हा आणि पाटी दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो, उपकरणाचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवावी, असं २०२१ च्या नियमात म्हटलं होतं. चलान हातात आलं की रकमेकडे बघण्याआधी यातलं काय-काय त्यात आहे ते बघा.

५. हेल्मेट, सीटबेल्ट, विमा : यातलं काय काय कॅमेऱ्यात सापडतं?

विमा, पीयूसी, फिटनेस हे पाटीवरून कळतं. नंबर जुळवला की तारीख समोर येते. हेल्मेट, सीटबेल्ट, ट्रिपल सीट, सिग्नल तोडणं हे चित्रावरून ओळखावं लागतं आणि त्यात चूक होण्याची शक्यता जास्त असते. डोक्याला गुंडाळलेला पांढरा टॉवेल लांबून हेल्मेटसारखा दिसू शकतो आणि काळा शर्ट घातला असेल तर लावलेला सीटबेल्ट दिसत नाही.

विम्याबद्दल एक कळकळीचं सांगणं. विमा नसताना गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये आहे. तो एक वेळ भरता येईल. पण त्या अवस्थेत तुमच्या गाडीखाली कुणी आलं, तर नुकसानभरपाई तुमच्या शेतावर आणि घरावर येते. अशी दोन घरं मी जवळून पाहिली आहेत.

६. चलान माझ्या नंबरावर आलंय, पण फोटोतली गाडी माझी नाही. काय करू?

आधी पैसे भरू नका. ‘दोनशे-पाचशेच आहेत, भरून टाकू’ म्हणून लोक भरतात. भरलं म्हणजे मान्य केलं असा अर्थ होतो, आणि तीच चूक पुन्हा झाली तर मग हातात काही उरत नाही.

एक उदाहरण सांगतो. कोरेगावकडचे एक भाजी वाहतूकदार पिकअपचं चलान घेऊन आले. त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती, पावतीही होती. फोटोत पिकअपच, पांढरीच, मॉडेलही तेच. आम्ही फोटो मोठा करत गेलो. शेवटून दुसरा आकडा आठ वाटत होता. अजून मोठा केला, तर त्याच्या डाव्या अंगाला एक तपकिरी ठिपका दिसला : पाटी ठोकायला मारलेल्या गंजक्या बोल्टचं डोकं. तो आकडा तीन होता. तिनाच्या उघड्या तोंडात बोल्ट बसला आणि कॅमेऱ्याला आठ दिसला. मग मागच्या काचेकडे लक्ष गेलं. यांच्या काचेवर ‘आई काळूबाई प्रसन्न’ असं भगव्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि फोटोतली काच कोरी होती.

तेच तुम्ही करा. चलानाचा फोटो मूळ रूपात उतरवून घ्या, कारण स्क्रीनशॉट पुसट येतो. आपल्या गाडीचा त्याच कोनातून फोटो काढा. रंग, टपावरचा कॅरिअर, काचेवरचं नाव, पोचा, दिव्यांचा आकार यांतले फरक लिहून काढा. त्या वेळी गाडी कुठे होती याचा कागद जोडा : गॅरेजची पावती, फास्टॅगची नोंद, कारखान्याच्या गेटची नोंद. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार करण्याची सोय आहे, तिथे हे सगळं टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ऑनलाइन उत्तर आलं नाही तर त्याच्या प्रती घेऊन वाहतूक शाखेत जा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायालयात म्हणणं मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

वर सांगितलेलं चलान रद्द झालं. मात्र त्यासाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. चूक यंत्राची असताना मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फोटो एकदा माणसाने डोळ्यांनी तपासल्याशिवाय चलान पुढे जाता कामा नये.

७. फोटोत नंबर अगदी माझाच आहे, पण गाडी दुसऱ्याची. असं कसं?

मग वाचण्यात चूक नाही, तुमचा नंबर कुणीतरी चोरला आहे. हे प्रकरण प्रश्न ६ पेक्षा गंभीर आहे. चलान रद्द करून थांबू नका. ती गाडी उद्या अपघात करून पळाली किंवा दारूच्या वाहतुकीत सापडली, तर पोलीस तुमच्या दारात येतील. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, चलानाचा फोटो जोडा. जुन्या साध्या पाटीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा पाटी, लगेच बसवा (प्रश्न १० पाहा).

८. गाडी विकून दोन वर्षं झाली, तरी चलानं मलाच येतात.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे. टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांवर) सह्या करून दिल्या, पैसे मोजून घेतले, गाडी गेली, की विकणाऱ्याला वाटतं आपण सुटलो. घेणारा गाडी नावावर करत नाही, तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. कॅमेरा पाटी वाचतो आणि नोंदीत नाव तुमचं निघतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं.

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं. नमुना २९ त्यासाठीच आहे. तो भरा आणि पोच ठेवा. आधीच विकलेली असेल तर विक्रीचा करार, घेणाऱ्याचं आधार, पैसे मिळाल्याची नोंद घेऊन आरटीओत अर्ज द्या आणि त्याची प्रत चलानाच्या तक्रारीला जोडा. माझा सल्ला एकच : गाडी नावावर होईपर्यंत व्यवहारातली थोडी रक्कम मागे ठेवा. समोरचा एजंट ओळखीचा असला तरी ठेवा.

९. गाडी माझी, चालवत होता भाचा. दंड कुणाला?

चलान नोंदणीकृत मालकाला येतं. कलम १३३ प्रमाणे चालवणारा कोण होता ही माहिती देणं मालकाचं कर्तव्य आहे. ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी कोण कधी कुठली गाडी घेऊन गेला याची एक वही ठेवावी.

चालवणारा अठराच्या आतला असेल तर गोष्ट फार वेगळी. कलम १९९ अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. क्लासला जायला मुलाच्या हातात गाडीची चावी देण्याआधी हे वाचा.

१०. एचएसआरपी जुन्या गाडीला खरंच लागते का? पाटी तर चांगली आहे.

लागते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती विक्रीच्या वेळीच बसून येते, त्याआधीच्या गाड्यांना मालकाने बसवून घ्यायची आहे. शासनाने मुदत अनेकदा वाढवली म्हणून लोक निवांत राहिले. राज्याने ठरवलेले दर दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. म्हणजे दुचाकीला ५३१ रुपये. परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागवा.

ही पाटी ॲल्युमिनिअमची असते. कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेसरने कोरलेला क्रमांक, अक्षरं ठरलेल्या मापाची आणि उठावाची. ती एकदाच बसणाऱ्या कुलपी खिळ्यांनी बसवतात. काढायची तर खिळा तुटतो. अक्षराच्या पोटात बोल्ट मारण्याचा प्रश्नच उरत नाही. जवळ घेऊन नीट पाहिली की कळतं, ती कॅमेऱ्याने वाचावी म्हणूनच घडवली आहे.

११. पाटीवर मराठी आकडे किंवा ‘दादा’ लिहिलं तर काय बिघडलं?

नियम ५० प्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय हवेत. मोडलं तर कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा १,५०० रुपये दंड होऊ शकतो.

मराठीचा अभिमान मलाही आहे. दुकानाची पाटी, बिलबुक, लग्नाची पत्रिका, सगळं मराठीतच हवं असं मी मानतो. पण रात्री एखादी गाडी कुणाला उडवून पळाली तर बघणारा कर्नाटकातला ट्रकवाला असू शकतो. त्याला तो नंबर वाचता आला पाहिजे. ४१४१ चा ‘दादा’ करणारी पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी एवढंच विचारतो : तुझी गाडी चोरीला गेली आणि नाक्यावरून गेली, तर कॅमेरा तिला ओळखेल का? बहुतेकजण तिथेच पाटी बदलायला तयार होतात.

१२. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला हे लागू आहे का?

आहे. ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी, ट्रेलरची वेगळी, नंबरही वेगळे. गळीत हंगामात निम्म्या ट्रॉल्यांच्या मागे नंबर दिसतच नाही. एक तर तो रंगाने हाताने लिहिलेला असतो, त्यावर शेतातल्या चिखलाचा थर, आणि वरून लोंबणारं उसाचं वाढं. कॅमेऱ्याला काही वाचता येत नाही म्हणून वाहतूकदार खूश असतात.

पण जी ट्रॉली कॅमेऱ्याला दिसत नाही ती मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही दिसत नाही. कराड-विटा रस्त्यावर एका डिसेंबरात रात्री मी अशाच ट्रॉलीच्या मागे होतो. दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. माझ्या गाडीच्या उजेडात आधी उसाची दोन-चार पानं हलताना दिसली आणि मग एकदम काळी भिंत. ब्रेक लागला म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. फडातून निघताना पाटीवरून आणि पट्टीवरून एक ओला फडका फिरवा. वाढं पाटीच्या वर बांधा. याला दोन मिनिटं लागतात.

१३. कॅमेऱ्यात नंबर येऊ नये असा स्प्रे मिळतो म्हणे?

विकत मिळतो, उपयोग भरवशाचा नाही, आणि पाटी मुद्दाम लपवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. पाटी वाकवणं, चिकटपट्टी लावणं, मास्क अडकवणं हे सगळं त्यातच आलं. साध्या चुकीचा दंड वाचवायला जाल आणि फसवणुकीच्या संशयात सापडाल.

१४. गाडी दारात उभी असताना आनेवाडी किंवा तासवडे टोलला पैसे कापले गेले. हे पोलिसांचं काम आहे का?

टोलची वसुली फास्टॅगवरून होते, वाहतूक पोलिसांचा त्याच्याशी संबंध नाही. आधी १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर आणि तुमचा फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिथे तक्रार करा, त्या लेनचा फोटो मागा. फोटोत तुमच्याच नंबराची दुसरी गाडी निघाली तर प्रश्न ७ कडे जा.

१५. गाडी चोरीला गेली तर कॅमेरे शोधून देतात का?

मदत करतात, पण चोरीची नोंद झाल्यावरच. नोंद नसेल तर तुमची गाडी कॅमेऱ्यापुढून दहा वेळा गेली तरी कुणाला खबर लागणार नाही. म्हणून ‘आधी आजूबाजूला शोधू’ म्हणत दिवस घालवू नका. लगेच ११२ ला कळवा, ठाण्यात गुन्हा नोंदवा, विमा कंपनीला कळवा. फक्त पाटी चोरीला गेली असेल तरी तक्रार हवीच. त्या प्रतीवर नवी पाटी मागवता येते.

जुनी गाडी घेताय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर नंबर टाकून गाडी चोरीची आहे का ते बघा, आणि थकीत चलानंही तपासा.

१६. व्हॉट्सॲपवर चलान आलंय, सोबत एक फाइल आहे. उघडू का?

उघडू नका. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते चलान नाही, फोनमध्ये शिरून बँकेचे संदेश वाचणारं ॲप आहे. खऱ्या चलानाच्या संकेतस्थळाच्या मूळ पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. मेसेजमधल्या दुव्यावर न जाता तो पत्ता स्वतः टाकून गाडीचा नंबर शोधा. उघडलीच असेल तर इंटरनेट बंद करा, बँकेला फोन करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार द्या. पहिल्या तासा-दोन तासांत केलेल्या तक्रारीत पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते.

१७. मी काही चूक केली नाही, तरी रोज माझी नोंद होते. हे बरोबर आहे का?

प्रश्न रास्त आहे. रोज सांगली-मिरज ये-जा करणाऱ्याचा नंबर, वेळ आणि ठिकाण जमत गेलं की त्याचा अख्खा दिनक्रम तयार होतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र शासनाला मोठी सूट आहे. माझं मत स्पष्ट आहे. चोरीची किंवा गुन्ह्यातली गाडी शोधायला नोंद हवी, पण ज्याच्याविरुद्ध काहीच नाही त्याची नोंद ठरावीक दिवसांनी पुसली गेली पाहिजे. नोंदी किती दिवस ठेवता आणि त्या कोण पाहू शकतं, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारता येतं. जरूर विचारा.

१८. ॲम्ब्युलन्सला वाट देताना सिग्नलची रेघ ओलांडली आणि चलान आलं तर?

वाट द्याच. आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे, आणि त्यात कुणाचा तरी जीव असतो. चलान आलं तर प्रश्न ६ मधल्या रीतीने तक्रार करा आणि त्या वेळेच्या आधीचं-नंतरचं चित्रीकरण बघण्याची मागणी करा. एका फोटोत ॲम्ब्युलन्स दिसली नाही तरी चित्रीकरणात ती दिसेल. चौक, दिशा आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.

१९. भारत सिरीज, हिरवी पाटी, लष्कराची गाडी यांचं काय?

भारत सिरीजचा नंबर वर्षाच्या आकड्याने सुरू होतो. विजेवरच्या खासगी गाडीची पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. दोन्ही कॅमेऱ्याला वाचता येतात आणि नियम तेच लागू. लष्कराच्या गाडीवर वर टोक असलेला बाण असतो आणि तिची नोंदणी संरक्षण खात्याकडे असते. अपशिंगे मिलिटरी या आपल्या साताऱ्याकडच्या गावच्या एका जवानाने विचारलं होतं म्हणून सांगतो : सुट्टीवर आल्यावर स्वतःच्या खासगी गाडीला तो बाण लावता येत नाही.

२०. खंडेनवमीला गाडीची पूजा केली, झेंडूच्या हाराने पाटी झाकली गेली. दंड होईल का?

गाडी दारात उभी आहे तोवर काही नाही. तसाच हार घेऊन रस्त्यावर निघालात तर पाटी झाकलेली म्हणून दंड होऊ शकतो. हार बॉनेटच्या वरच्या कडेला किंवा आरशांना बांधा, दुचाकीचा असेल तर हँडलवरून मागे घ्या. पाटीला लावलेलं हळदी-कुंकू राहू द्या, फक्त अक्षरांवर थापू नका. दुसऱ्या दिवशी सुकलेल्या पाकळ्या उठावाच्या अक्षरांच्या कडांत अडकून बसतात, त्या ओल्या बोटाने काढून टाका.